आस्तिक-नास्तिक वाद आणि सम्यक वाचा : एक अभ्यास



स्मरणिकेसाठी अभ्यासवर्गाच्या वतीने एखादा लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले. विषय शोधण्यासाठी आम्हांस दूर जावे लागले नाही. मागील वर्षावासात आमच्याच हातून एक चूक घडली. त्या चुकीतूनच हा अभ्यास सुरू झाला. म्हणून आधी ती चूक सांगतो.

दर रविवारी सायंकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सामुदायिक वाचन होते आणि त्यानंतर अर्धा तास प्रश्नोत्तरे. आम्ही बँकेत कारकून. बी.ए.ला पाली हा विषय घेतला होता, एवढ्या भांडवलावर वर्ग चालविण्याचे काम समितीने आमच्याकडे सोपविले आहे. त्या रविवारी ईश्वरविषयक प्रकरणाचे वाचन झाले होते. एका महाविद्यालयीन तरुणाने उभे राहून देव ही कल्पना कशी खोटी आहे, हे तडफेने सांगितले. तेव्हा मागच्या रांगेत बसणाऱ्या एक वयस्कर मावशी म्हणाल्या, “पोरा, तू म्हणतोस ते खरं असंल. पण नातू दवाखान्यात होता तवा मी देवीला नवस बोलले, आणि तो बरा झाला. आता मी काय म्हणू?”

वर्गात हशा पिकला. तरुण म्हणाला, “मग डॉक्टरचं बिल देवीनं भरलं का?” हशा वाढला. वर्गप्रमुख या नात्याने आम्ही तो थांबवावयास हवा होता. त्याऐवजी आम्ही बावीस प्रतिज्ञांचा कागद काढला आणि पहिल्या काही प्रतिज्ञा मावशींकडे पाहत मोठ्याने वाचून दाखविल्या. मावशी खाली बसल्या. वंदना होईपर्यंत बसून राहिल्या आणि मग कोणाशी न बोलता निघून गेल्या. पुढचे सात रविवार त्या आल्या नाहीत. विहाराच्या फरशीसाठी घरोघर फिरून वर्गणी गोळा करणाऱ्या त्या ह्याच मावशी.

आम्ही जे वाचले ते चुकीचे नव्हते. त्या प्रतिज्ञा आम्हांस आजही तितक्याच मान्य आहेत. मग चुकले काय? याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही पुन्हा ग्रंथ उघडले. आस्तिक आणि नास्तिक यांच्यातील वाद तथागतांच्या काळीही होता, आणि तो कसा करावा याचा विचारही तेव्हा झालेला होता. त्यातील काही भाग सभासद आणि विद्यार्थी यांच्यापुढे ठेवीत आहोत.

१. आधी शब्दाचा अर्थ

पुष्कळ भांडणे मताची नसून शब्दाची असतात. ‘नास्तिक’ हा शब्दच घ्या. आज आपण ‘देव न मानणारा’ या अर्थाने तो वापरतो. जुन्या ग्रंथांत तसे नाही. पाणिनीच्या व्याकरणपरंपरेत परलोक आहे असे मानणारा तो आस्तिक आणि नाही असे मानणारा तो नास्तिक. मनुस्मृतीने वेदांची निंदा करणाऱ्यास नास्तिक ठरविले. पुढे दर्शनांची विभागणी झाली तीही वेद मानणारे आणि न मानणारे अशीच. म्हणून सृष्टिकर्ता ईश्वर न मानणारे सांख्य आणि पूर्वमीमांसक आस्तिकांत मोडले. बौद्ध, जैन आणि चार्वाक नास्तिकांत गेले.

तेव्हा कोणी आपणांस ‘तुम्ही नास्तिक’ असे म्हटले, तर रागावण्यापूर्वी किंवा अभिमानाने मान डोलावण्यापूर्वी विचारावे, “कोणत्या अर्थाने?” सृष्टिकर्ता देव न मानणे या अर्थाने असेल तर होय. वेदप्रामाण्य न मानणे या अर्थाने असेल तरीही होय. पण ‘कशालाच न मानणारे, नीतीला न मानणारे’ असा त्याचा अर्थ असेल, तर नाही. कारण ज्याच्या पायाशी पंचशील आहे तो नीती न मानणारा कसा?

येथे आपली जागाही ओळखून घ्यावी. बँकेत आमच्या शेजारच्या काउंटरवर बसणारे एक वारकरी सहकारी आम्हांस नास्तिक म्हणतात. विवेकवादी चळवळीत काम करणारे दुसरे एक मित्र म्हणतात, “तुमची वंदना, तुमची मेणबत्ती, ही पूजाच नव्हे काय?” एकासाठी आम्ही फार कमी मानतो, दुसऱ्यासाठी फार जास्त. दोन्ही बाजूंनी प्रश्न येणार असतील, तर दोघांशीही नीट बोलण्याची कला इतर कोणापेक्षा आपणांस अधिक यावयास हवी.

२. पंडितवाद आणि राजवाद

‘मिलिंदपञ्ह’ हा ग्रंथ आपल्या परिचयाचा आहे. ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, आणि भदन्त नागसेन यांचा हा संवाद. राजाची राजधानी सागल. आजचे सियालकोट ते हेच, असे मानले जाते. काळ इसवी सनापूर्वीचे दुसरे शतक. राजा वादात पटाईत होता. त्याने नागसेनांना पुढे चर्चा कराल काय असे विचारले. नागसेनांनी लगेच होकार दिला नाही. त्यांनी अट घातली : पंडितवादाने बोलणार असशील तर बोलतो, राजवादाने बोलणार असशील तर नाही.

दोहोंत फरक काय, असे राजाने विचारले. नागसेनांच्या उत्तराचा सारांश असा : पंडित बोलतात तेव्हा एकजण गुंता करतो, दुसरा तो सोडवितो. एकाचे खंडन होते, तो ते कबूल करतो. भेद दाखविले जातात, त्यावर आणखी भेद दाखविले जातात. आणि एवढे होऊनही पंडित रागावत नाहीत. राजे एक गोष्ट ठरवून टाकतात आणि जो ती मानणार नाही त्याला शिक्षा फर्मावतात.

राजाने पंडितवाद मान्य केला. भदन्तांनी एखाद्या श्रामणेराशी, उपासकाशी किंवा विहारातील सेवकाशी बोलावे तसे माझ्याशी मोकळेपणाने बोलावे, असेही तो म्हणाला. सत्ता ज्याच्या हाती होती त्याने ती चर्चेपुरती बाजूला ठेवली, तेव्हाच चर्चा झाली.

आता आमच्या वर्गाकडे पाहा. आमच्यापाशी राज्य नाही, दंड नाही. पण वर्गप्रमुखाची खुर्ची होती, हातात कागद होता आणि हसणारा वर्ग आमच्या बाजूला होता. मावशींपाशी यातले काहीच नव्हते. म्हणजे त्या दिवशी विहारात जो झाला तो राजवादच. शिक्षा तेवढी वेगळी होती; आम्ही त्यांना चारचौघांत हास्यास्पद केले.

३. प्रश्नाने उघडणारे दार

मग देवाविषयी परखड बोलूच नये काय? तसे नाही. दीघ निकायातील तेविज्ज सुत्त पाहावे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ईश्वरावरील श्रद्धा हा धम्माचा भाग का नाही, हे सांगताना याच संवादाचा आधार घेतला आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण. ब्रह्म्याशी एकरूप होण्याचा खरा मार्ग कोणत्या आचार्याचा, यावर त्यांचे जुळेना. ते तथागतांकडे आले.

तथागतांनी ‘ब्रह्मा नाही’ असे व्याख्यान दिले नाही. त्यांनी विचारले, या त्रैविद्य ब्राह्मणांपैकी एकाने तरी ब्रह्म्याला प्रत्यक्ष पाहिले आहे काय? त्यांच्या आचार्यांनी? आचार्यांच्या आचार्यांनी? सात पिढ्यांपर्यंत मागे गेले तरी कोणी? प्रत्येक वेळी वासेट्ठाने स्वतःच उत्तर दिले, नाही. मग दाखला आला : एखादा माणूस म्हणतो की देशातील सर्वांत सुंदर स्त्रीवर माझे प्रेम आहे, पण तिचे नाव, तिचे कूळ, तिचा वर्ण, तिचे गाव, यांतले त्याला काहीच ठाऊक नाही. त्याच्या बोलण्याला काय म्हणावे?

युक्तिवाद याहून परखड असू शकत नाही. तरी त्यातील प्रत्येक पायरी वासेट्ठ स्वतः चढला आहे. त्याला कोणी ढकललेले नाही. माणसाने स्वतः दिलेले उत्तर त्याच्याजवळ राहते. दुसऱ्याने तोंडावर मारलेले उत्तर तो दाराबाहेर पडताच टाकून देतो.

४. पायासी राजन्याची गोष्ट

आमच्या मते या विषयावरील सर्वांत बोलका पाठ म्हणजे दीघ निकायातीलच पायासी सुत्त. येथे बाजू उलट आहेत. नाकारणारा आहे पायासी राजन्य, आणि मानणारे आहेत भिक्खू कुमार कस्सप.

पायासी हा सेतव्या नगरीचा अधिपती. कोसलचा राजा पसेनदी याने ती नगरी त्याला दिलेली होती. परलोक नाही आणि बऱ्यावाईट कर्माचे फळही नाही, असे त्याचे ठाम मत. ते त्याने कोणा पोथीतून उचलले नव्हते. स्वतः पडताळे घेतले होते. मरणाच्या दारातील दुराचारी नातेवाइकांना त्याने सांगून ठेवले होते, की नरकात गेलात तर परत येऊन मला कळवा. कोणी आले नाही. सदाचारी नातेवाइकांनाही तसेच सांगितले. तेही आले नाहीत. देहदंड झालेल्या चोराला त्याने रांजणात कोंडून तोंड लिंपविले, आणि तो मेल्यावर जीव बाहेर पडताना दिसतो काय हे पाहिले. मृत्यूपूर्वी आणि मृत्यूनंतर चोराचे वजनही करविले. हे प्रयोग क्रूर आहेत, ते कोणी उचलून धरणार नाही. परंतु ‘दाखवा, मग मानतो’ ही वृत्ती त्यांत स्पष्ट दिसते.

कुमार कस्सप प्रत्येक मुद्द्याला एकेक दाखला देतात. नरकात गेलेला परत येत नाही यावर ते विचारतात : वधस्थानी नेलेला चोर म्हणाला, ‘जरा नातेवाइकांना भेटून येतो’, तर मारेकरी त्याला सोडतील काय? असा संवाद बराच वेळ चालतो. आजच्या वाचकाला ते सगळे दाखले पटतीलच असे नाही. परलोकाविषयी आमचे स्वतःचे समाधान त्यांनी होत नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. कस्सपांच्या तोंडीही एका ठिकाणी ‘अडाण्यासारखा शोध घेतोस’ अशा अर्थाचे कडक शब्द आलेले आहेत. आम्ही हे सुत्त वाचतो ते त्यात पुढे जे घडते त्यासाठी.

पायासीपाशी मुद्दे उरत नाहीत. तेव्हा तो मनातले बोलून जातो. तो म्हणतो, भदन्त काहीही म्हणोत, हे मत मला सोडवत नाही. राजा पसेनदी मला ओळखतो, बाहेरचे राजेही ओळखतात, ते या मताचा पायासी म्हणूनच. मी ते सोडले तर पायासी मूर्ख निघाला असे लोक म्हणतील. म्हणून रागाने, हट्टाने का होईना, मी तेच धरून बसणार.

यावर कस्सपांनी दिलेला एक दाखला असा. दोन मित्र धनाच्या शोधात निघाले. वाटेत टाकून दिलेला ताग सापडला. दोघांनी भारे बांधले. पुढे तागाचे सूत सापडले. एकाने ताग टाकून सूत घेतले. दुसरा म्हणाला, “माझा भारा लांबून आणलेला आहे, नीट बांधलेला आहे, मला हाच पुरे.” पुढे कापड, कापूस, लोखंड, तांबे, रुपे आणि शेवटी सोने सापडले. पहिला प्रत्येक वेळी हलके टाकून मोलाचे घेत गेला. दुसरा तागाचा भारा घेऊनच घरी पोहोचला, आणि त्याला पाहून ना आईबापांना आनंद झाला, ना बायकोमुलांना.

शेवटी पायासी शरण येतो. तो म्हणतो, भदन्तांच्या पहिल्याच दाखल्याने माझे समाधान झाले होते. पण आणखी उत्तरे ऐकावीत म्हणून मी विरोध करीत राहिलो.

विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. वादात समोरचा मुद्द्यासाठी भांडत आहे असे आपणांस वाटते. प्रत्यक्षात पुष्कळदा तो लोकांपुढील आपली पत सांभाळीत असतो. लोक काय म्हणतील, घरचे काय म्हणतील, इतकी वर्षे बोललो त्याचे काय, हे ओझे मुद्द्यापेक्षा जड असते. देव मानणाऱ्याला ते आहे तसेच न मानणाऱ्यालाही आहे. पायासी तर न मानणाऱ्यांतलाच. म्हणून वाद करताना समोरच्याला परतण्याची वाट मोकळी ठेवावी. आपण त्याला जितके अधिक लोकांपुढे खाली पाहावयास लावू, तितका तो आपला भारा अधिक घट्ट धरील. आणि हा दाखला ऐकताना पहिला प्रश्न स्वतःलाच विचारावा : माझ्या खांद्यावर तागाचा भारा तर नाही?

५. चर्चेला बसण्यास योग्य कोण

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात कथावत्थु नावाचे सुत्त आहे. माणूस चर्चेस योग्य आहे की नाही, हे त्याच्या बोलण्यावरून कसे ओळखावे, ते तथागतांनी तेथे सांगितले आहे. प्रश्न चार प्रकारचे : ज्याचे एका शब्दात निश्चित उत्तर द्यावे तो, ज्याचे फोड करून उत्तर द्यावे तो, ज्याला उलट प्रश्न विचारून उत्तर द्यावे तो, आणि जो बाजूला ठेवून द्यावा तो. ‘देव आहे की नाही, होय की नाही ते सांगा’ असे कोणी दरडावले, तर त्याने फोड करण्याचा प्रश्न एका शब्दाच्या प्रश्नात कोंबला आहे, हे ओळखावे. कोणता देव? सृष्टी निर्माण करणारा, नवसाला पावणारा, की मनाला धीर देणारी एक भावना? तिन्हींची उत्तरे एक नाहीत.

त्याच सुत्तात चर्चेस अयोग्य माणसाची लक्षणे येतात. प्रश्नाला बगल देणे, विषय भलतीकडे नेणे, राग दाखविणे. आणि पुढे चार दोष : बोलण्याच्या भडिमाराने समोरच्याला दडपणे, त्याला चिरडणे, त्याची टर उडविणे आणि त्याची जीभ घसरली की तेवढेच धरून बसणे. आम्ही हे चार दोष कागदावर लिहून त्या रविवारच्या वर्गाशी ताडून पाहिले. तरुणाने टर उडविली. आम्ही प्रतिज्ञांचा भडिमार केला. दोघांनी मिळून चिरडले. मावशींच्या बोलण्यातील ‘नवस’ एवढा एक शब्द धरून बसलो. चारांपैकी एकही दोष सुटला नाही.

आपली निंदा झाली तर काय करावे, हे ब्रह्मजाल सुत्ताच्या आरंभीच आहे. राजगृह ते नालंदा या वाटेवर सुप्पिय नावाचा परिव्राजक बुद्ध, धम्म आणि संघ यांची निंदा करीत चालला होता. तथागत भिक्खूंना म्हणाले, की कोणी आपली निंदा केली म्हणून रागावू नका. रागावलात तर समोरच्याचे बोलणे खरे की खोटे, हे तुम्हांला कळेल काय? जे खोटे आहे ते खोटे का, ते दाखवून द्या. स्तुती झाली तरी हुरळून जाऊ नका. ज्याचा राग शांत नाही त्याला ऐकूच येत नाही, आणि ज्याला ऐकू येत नाही तो उत्तर कशाचे देणार?

६. सौम्य म्हणजे मिंधे नव्हे

येथे एक रास्त शंका निघेल. आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने ती काढलीही. ती म्हणाली, “सर, पिढ्यान्‌पिढ्या आपल्यालाच हळू बोला, नम्र राहा असं सांगितलं गेलं. आता तुम्हीही तेच सांगता का?”

प्रश्न खरा आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच सभ्यतेचा उपदेश करणे, हा अन्याय झाकण्याचा जुना मार्ग आहे. म्हणून सभ्य वाद म्हणजे काय, हे बाबासाहेबांच्या उदाहरणानेच समजून घ्यावे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ सालच्या परिषदेच्या अध्यक्षपदासाठी त्यांना बोलाविले. भाषणाचा मसुदा पाहून मंडळाने काही भाग गाळण्याची सूचना केली. बाबासाहेबांनी नकार दिला. परिषद झाली नाही, आणि ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. तेच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’. गांधीजींनी ‘हरिजन’ पत्रातून त्यावर टीका केली. १९३७ साली दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी गांधीजींची टीका आणि आपले उत्तर, दोन्ही त्याच पुस्तकात छापले.

त्यांचे उत्तर अतिशय कठोर आहे. एक मुद्दाही सोडलेला नाही. पण विरोधकाचे म्हणणे त्यांनी लपविले नाही, तोडले नाही, सोयीचे वाक्य उचलून त्यावर हल्ला केला नाही. वाचकाने दोन्ही वाचावे आणि ठरवावे. आमच्या मते पंडितवाद तो हाच. आवाज किती हळू यावर सभ्यता मोजू नये. समोरच्याचे म्हणणे आपण किती पूर्ण मांडतो यावर मोजावी.

राजवाद कोठवर जातो, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. लोकांच्या देवावरील श्रद्धेला आमचा विरोध नाही, श्रद्धेच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे, ही त्यांची भूमिका होती. गावोगाव भाविकांपुढे ते शांतपणे बोलत आणि प्रश्नांना उत्तरे देत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. मुद्द्याला गोळीने उत्तर देणे ही राजवादाची शेवटची पायरी. टर उडविणे ही पहिली. दोन्हींत अंतर फार मोठे आहे हे खरे. परंतु दोन्हींत समोरच्याला बोलता येऊ नये, हीच इच्छा आहे.

७. मतभेद ठेवून सोबत

गांधीजींशी आपले मतभेद जगजाहीर आहेत. तरी या विषयातील एक प्रसंग त्यांच्या सेवाग्रामातला, म्हणजे आपल्या वर्धा जिल्ह्यातला आहे. आंध्रातील गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, हे उघड निरीश्वरवादी. १९४० साली त्यांनी निरीश्वरवादी केंद्र काढले आणि अस्पृश्यता निवारणाचे काम चालविले. १९४४ साली ते सेवाग्रामला गांधीजींना भेटले आणि देवाविषयी दोघांत मोकळी चर्चा झाली. कोणीच दुसऱ्याला आपल्या मताचा केला नाही. पुढे गोरांनी आपल्या मुलीचा विवाह अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणाशी ठरविला. विवाह आश्रमात व्हावा आणि विधीत ‘ईश्वर’ या शब्दाऐवजी ‘सत्य’ हा शब्द वापरावा, हे गांधीजींनी मान्य केले. जानेवारी १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. विवाह त्याच वर्षी मार्चमध्ये सेवाग्रामला पार पडला.

देव आहे की नाही, हा वाद तेथे मिटला नाही. पण जातीची भिंत पाडण्याचे काम त्यासाठी अडून राहिले नाही. आपल्याही वस्तीत रक्तदान शिबिर, अभ्यासिका, व्यसनमुक्ती अशा कामांना देव मानणारे आणि न मानणारे दोघेही लागतात.

८. खरे, हिताचे आणि वेळेवर

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आम्ही खरे बोललो, तरी चुकले काय? उत्तर मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात सापडले. तथागत दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे बोलतात काय, असा पेचाचा प्रश्न घेऊन राजपुत्र अभय आला. त्याच्या मांडीवर तान्हे मूल होते. तथागतांनी विचारले, या मुलाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर तू काय करशील? अभय म्हणाला, काढीन; सहज निघाला नाही तर डोके धरून, बोट घालून, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची दया आहे. तथागत म्हणाले, त्याचप्रमाणे जे खरे नाही किंवा हिताचे नाही ते तथागत बोलत नाहीत. जे खरे आहे, हिताचे आहे, पण अप्रिय आहे, ते बोलण्याची वेळ ते जाणतात.

म्हणजे कसोट्या तीन : खरे, हिताचे, वेळेवर. मावशींचे बोलणे आम्हांस पटले नाही, हे खरे. त्यांनी नवसातून बाहेर यावे, हेही हिताचे. पण भर वर्गात, हशा चालू असताना, नातवाच्या आजारपणाची आठवण ओली असताना, ती वेळ नव्हती. आणि मुलाच्या डोक्याला आधार देणारा हात तर आमच्यापाशी नव्हताच. खडा काढण्याच्या नावाखाली आम्ही आमचा हात किती चपळ आहे, ते वर्गाला दाखवीत होतो.

यावरून वर्गासाठी आम्ही पाच नियम केले आहेत. इतर शाखांनी त्यांत भर घालावी.

(१) उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे आणि ‘तुम्हांला हेच म्हणायचे ना?’ असे विचारावे. तो ‘होय’ म्हणाल्याशिवाय उत्तर देऊ नये.
(२) शब्दाचा अर्थ आधी ठरवावा. देव, धर्म, श्रद्धा या तीन शब्दांचा तर नक्कीच.
(३) मतावर बोलावे. माणसाच्या जातीवर, वयावर, शिक्षणावर, बोलीवर बोलू नये. हशा झाला की वर्गप्रमुखाने चर्चा थांबवावी.
(४) दुःखात असलेल्या माणसाशी वाद करू नये. आधी त्याचे काम करावे.
(५) ‘हे मला पटले’ किंवा ‘हे मला ठाऊक नाही’ असे म्हणणाऱ्याचा वर्गाने मान ठेवावा, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

मोबाईलवरही हेच पाळावे. तेथे समोरच्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून चौथा नियम तेथे सर्वांत अगोदर मोडतो.

समारोप

आठव्या रविवारच्या आधी आम्ही मावशींच्या घरी गेलो. तो तरुणही सोबत होता; आम्ही सांगितले म्हणून नव्हे, तो स्वतःहून आला. मावशींनी चहा ठेवला. आम्ही चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, “भाऊ, तुमी खोटं न्हाई बोललात. पण समद्यांसमोर बोललात.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “बिल माझ्या सुनेनं भरलं. कानातलं मोडून. ते म्या सांगणारच होते, पण तुमी बोलू दिलं न्हाई.”

आम्ही दोघे खाली मान घालून ऐकत होतो. ज्या उत्तरासाठी वर्ग हसला होता, ते उत्तर मावशींपाशी आधीच होते. दोन वाक्ये थांबलो असतो, तर नवस आणि डॉक्टर यांतील फरक त्यांनीच वर्गाला सांगितला असता.

आश्विन पौर्णिमेला, वर्षावासाच्या समाप्तीला, मावशी विहारात आल्या. पूर्वीच्याच मागच्या रांगेत बसल्या. नवसाविषयी त्यांचे मत बदलले की नाही, ते आम्ही विचारले नाही. वेळ आली की बोलू, आणि त्या वेळी आधी ऐकू.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.